कोऱ्या जागेचा दंड

गेल्या वर्षीं दुसऱ्या सहामाहींत आमच्या शाळेच्या ग्रंथालयाबाहेर एक यादी लागली. इयत्ता सातवींतील ज्या विद्यार्थ्यांनीं पुस्तकें मुदतीनंतर परत केलीं त्यांच्याकडून पांच रुपये दंड घ्यावयाचा होता, आणि तो कोणाकडून यावयाचा हें या यादींत नांवनिशीवार दाखविलें होतें. यादी लागून अर्धा तासहि झाला नसेल, तोंच एक विद्यार्थिनी डोळे पुशीत आमच्याकडे आली. तिनें वर्षभरांत ग्रंथालयांतून एकहि पुस्तक नेलें नव्हतें; तरी तिच्या नांवापुढें पांच रुपये मांडलेले होते. तिच्यामागून दुसरी आली, मग आणखी दोघे आले, आणि मधल्या सुटींत तर रांगच लागली. पाहूं जातां वर्गांतील एकहि नांव दंडावांचून सुटलेलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं पालकांच्या चिठ्ठ्या आल्या. रक्कम मोठी नव्हती. परंतु न केलेल्या अपराधाबद्दल मुलाचें नांव चारचौघांत फळ्यावर लागावें, ही गोष्ट पांच रुपयांनीं मोजावयाची नव्हे, असें एका मातेनें लिहिलें होतें, आणि तें आम्हांस मान्य करावें लागलें.

ही यादी ज्या प्रोग्रॅमच्या साहाय्यानें संगणकावर तयार झाली, तो नववीच्या दोन विद्यार्थ्यांनीं मोठ्या हौसेनें लिहिला होता. साहजिकच सर्वांनीं त्या दोघांस दोष दिला. त्यांपैकीं एकास तर आम्ही वर्गासमक्ष बोललोंहि. दोष त्या दोघांचा नव्हता. तो आमचा होता. आणि त्याचें मूळ कागदावर किंवा पडद्यावर कोणासहि बोट ठेवून दाखवितां न येणाऱ्या वस्तूंत, म्हणजे ओळीच्या आरंभीं सोडलेल्या कोऱ्या जागेंत होतें. त्या कोऱ्या जागेविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे. वार्षिक अंकाच्या मराठी विभागांत असला रुक्ष विषय कशास, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरांतील मूल संगणकवर्गांत जातें त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां येणारच, आणि आला म्हणजे तो बहुधा भांडणाच्या रूपानें येतो.

प्रथम प्रोग्रॅम कसा लिहितात हें पालकांसाठीं थोडक्यांत सांगूं. प्रोग्रॅम म्हणजे संगणकानें क्रमानें पाळावयाच्या आज्ञांची माळ. त्यांतील कांहीं आज्ञा दुसऱ्या आज्ञेच्या पोटांत असतात. 'पुस्तक उशिरा आलें असेल तर' ही एक अट झाली, आणि 'पांच रुपये दंड मांड' ही तिच्या पोटांतील आज्ञा झाली. पोटांतील आज्ञा कोणती आणि बाहेरची कोणती, हें यंत्रास कळावें कसें? सी, जावा इत्यादि भाषांत महिरपी कंस घालून तें सांगतात. आमच्या शाळेंत शिकविली जाणारी पायथन ही भाषा असे कंस घालीत नाहीं. तेथें ओळ डाव्या समासापासून किती घरें आंत सरकवून लिहिली आहे, यावरून तिचें स्थान ठरतें. निबंधाच्या वहींत परिच्छेदाची पहिली ओळ किंचित् आंत घ्यावी असें आम्ही सांगतों; तेथें ती केवळ शोभा असते, आणि विसरल्यास फार तर अर्धा गुण जातो. पायथनमध्यें ती कोरी जागा म्हणजेच व्याकरण होय.

ही कल्पना विचित्र वाटली तरी नवी नाहीं. पीटर लॅंडिन या इंग्रज विद्वानानें १९६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लेखांत असाच नियम मांडला, आणि त्यास 'ऑफसाइड नियम' असें नांव दिलें. फुटबॉल खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हें नांव लक्षांत ठेवावयास अडचण पडूं नये. पुढें ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेंत 'एबीसी' नांवाची एक भाषा तयार झाली, तींतहि हीच रीत होती. आणि तेथेंच काम करणाऱ्या ग्विदो व्हॅन रॉसम यांनीं १९८९ च्या डिसेंबरांत पायथन रचावयास घेतली तेव्हां ती रीत त्यांनीं पुढें चालविली. १९९१ सालीं पायथन लोकांच्या हातीं आली. मनुष्य प्रोग्रॅम वाचतांना कंसांकडे फारसें पाहत नाहीं, तो ओळींच्या मांडणीकडे पाहतो. मग यंत्रानेंहि तीच मांडणी प्रमाण मानावी, असा यामागील विचार. आम्हांस तो पटतो. परंतु जो डोळ्यांस दिसणाऱ्या मांडणीस प्रमाण मानतो, त्यानें डोळे कशानें फसतात याचाहि विचार करावयास हवा.

ओळ आंत सरकविण्याचे मार्ग दोन आहेत. कळफलकाच्या तळाशीं असलेली लांब पट्टी, जिला स्पेस बार म्हणतात, ती चार वेळां दाबावी; किंवा डाव्या अंगास असलेली टॅब ही कळ एकदां दाबावी. ज्या पालकांनीं तरुणपणीं टंकलेखनाच्या वर्गांत धडे गिरविले असतील, त्यांस ही टॅब कळ जुनी ओळखीची आहे. टाइपरायटरवर रकाने पाडून तक्ते उतरावयाचे असले म्हणजे प्रत्येक रकान्याच्या आरंभीं टॅबचा थांबा लावून ठेवीत. मग कळ दाबली कीं कागदाची गाडी खडकन् त्या थांब्यापर्यंत धांवे. थांबा कोठें लावावयाचा हें टंकलेखकानें ठरवावयाचें. आज हिशेबाचा तक्ता असेल तर एके ठिकाणीं, उद्यां हजेरीपट असेल तर दुसऱ्या ठिकाणीं. कागदावर मात्र या धांवेची कांहींच खूण उरत नसे. टॅबनें सुटलेली जागा कोरी, आणि पट्टी दाबून सोडलेली जागाहि कोरी.

संगणकांत तसें नाहीं. तेथें कोरी जागासुद्धां अक्षर म्हणून सांठविली जाते. १९६३ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या ॲस्की नांवाच्या संकेतांत प्रत्येक अक्षरास क्रमांक दिलेला आहे. त्यांत टॅबचा क्रमांक ९ आणि साध्या कोऱ्या घराचा ३२, आणि तेच क्रमांक आजहि चालतात. ३२ म्हणजे एक घर, यांत वाद नाहीं. ९ म्हणजे किती घरें, हें मात्र त्या अक्षरांत कोठेंहि लिहिलेलें नसतें. 'पुढच्या थांब्यापर्यंत जा' एवढाच त्याचा अर्थ. युनिक्स पद्धतीच्या यंत्रांवर थांबे आठ-आठ घरांवर धरण्याचा प्रघात पडला. मजकूर लिहिण्याच्या कित्येक नव्या साधनांत, ज्यांस एडिटर म्हणतात, ते चारांवर धरतात. आणि वापरणारा आपल्या आवडीप्रमाणें ते दोनांवरहि आणूं शकतो. एकच फाइल तीन घरांतील तीन यंत्रांवर उघडावी, आणि तींतील टॅबच्या ओळी तीन निरनिराळ्या ठिकाणीं उभ्या राहाव्यात, असा हा प्रकार आहे.

आतां त्या दोन विद्यार्थ्यांकडे वळूं. पहिल्यानें पायथनबरोबर मिळणाऱ्या आयडल नांवाच्या एडिटरमध्यें तीन ओळी लिहिल्या. पहिली समासास लागून: वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यासाठीं पुढील काम कर. दुसरी चार घरें आंत: त्यानें पुस्तक उशिरा दिलें असेल तर पुढील काम कर. तिसरी आठ घरें आंत: उशीर करणाऱ्यांच्या संख्येंत एक मिळव. आयडलमध्यें टॅब कळ दाबली तरी तो एडिटर आपण होऊन चार कोरीं घरें घालतो, म्हणून या ओळींत सर्वत्र ३२ क्रमांकाचेंच अक्षर होतें. दुसऱ्यानें ती फाइल पेन ड्राइव्हवरून घरीं नेली, आणि साध्या नोटपॅडमध्यें चौथी ओळ जोडली: त्याच्या नांवावर पांच रुपये दंड मांड. ही ओळ तिसरीच्या बरोबर खालीं यावी म्हणून त्यानें टॅब कळ एकदां दाबली. नोटपॅड टॅबनें आठव्या घरापर्यंत जातें; त्यामुळें ओळ तंतोतंत तिसरीच्या खालीं आली. मुलाचा हेतु योग्य होता, आणि पडद्यावर दिसत होतें तेंहि योग्य होतें.

शाळेंत येऊन प्रोग्रॅम चालवूं जातां पायथननें तो चालविण्याचें साफ नाकारलें. टॅब आणि कोरीं घरें यांची सरमिसळ झाली आहे, असा संदेश आला. "सर, दोन्ही ओळी अगदीं सरळ आहेत हो! पट्टी लावून पाहा," असें दुसरा विद्यार्थी कळवळून सांगूं लागला, आणि त्यानें खरोखरच पडद्यास फूटपट्टी लावून दाखविली. पहिला म्हणूं लागला कीं मी दिलें तोंवर सर्व ठीक होतें, यानेंच बिघडविलें. दोघे लहानपणापासूनचे शेजारी. त्या दिवशीं ते निरनिराळ्या वाटांनीं घरीं गेले.

यानंतर आम्हीं जें केलें तें सांगावयास संकोच वाटतो. यादी त्याच दिवशीं लावावयाची होती. आयडलमध्यें टॅबांच्या जागीं कोरीं घरें घालून देण्याची सोय आहे. ती वापरूं जातां एक लहानशी चौकट उघडते, आणि एका टॅबचीं किती घरें धरावयाचीं असें विचारते. चौकटींत ४ हा आंकडा आयताच लिहिलेला होता. चार घरांचा नियम आम्हीच वर्गांत शिकवीत असतों. तेव्हां आम्हीं तो तसाच स्वीकारला. संदेश नाहींसा झाला, प्रोग्रॅम चालला, यादी छापली, आणि आम्हीं ती न वाचतां फळ्यावर लावावयास दिली. चौथी ओळ आठव्या घरावरून चौथ्यावर आली होती, म्हणजे 'उशिरा दिलें असेल तर' या अटीच्या पोटांतून बाहेर पडली होती, आणि प्रत्येक विद्यार्थ्यास लागूं झाली होती. यादीच्या तळाशीं उशीर करणाऱ्यांची संख्या ७ अशी बरोबर छापलेली होती, आणि वर दंड मात्र सबंध वर्गास. हा विरोधहि आमच्या दृष्टीस पडला नाहीं.

उलगडा झाला तो दुसऱ्या विद्यार्थ्याच्या आजोबांमुळें. नातवास बोलणीं बसलीं म्हणून ते चौकशीस आले होते. सारें आयुष्य त्यांनीं एका कचेरींत टंकलेखक म्हणून काढलेलें. नातवाच्या पेन ड्राइव्हवरील मूळ फाइल त्यांनीं उघडावयास सांगितली, आणि बाणाची कळ एकेकदां दाबीत ते तिसऱ्या ओळीवरून गेले. खूण एक एक घर सरकत आठ वेळांत अक्षरापाशीं पोंचली. चौथ्या ओळीवर कळ एकदांच दाबली, आणि खूण एकदम अक्षरापाशीं जाऊन उभी राहिली. "सर, तीं पावलें आहेत आणि ही उडी आहे," आजोबा म्हणाले. "उडी केवढी, तें उडी मारणाऱ्याला विचारायला हवं होतं." यंत्रानें आम्हांस नेमका तोच प्रश्न विचारला होता. तो मुलाकडे न नेतां आम्हीं परस्पर त्याचें उत्तर देऊन टाकलें होतें.

आमच्या इतिहासांत 'ध' चा 'मा' झाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांस धरावें असें लिहून गेलेल्या पत्रांत एक अक्षर बदललें, आणि तेवढ्यानें अनर्थ झाला, असें सांगतात. ती गोष्ट खरी असो वा नसो, तेथें बदललेलें अक्षर शाईनें लिहिलेलें होतें, आणि वाचणाऱ्यास दिसत होतें. आमच्या यादीच्या बाबतींत बदललें तें कोणासच दिसणारें नव्हतें. म्हणूनच आमचें असें स्पष्ट मत झालें आहे कीं, अशा ठिकाणीं यंत्रानें तर्क करूं नये. त्यानें काम थांबवावें आणि मनुष्यास विचारावें. आणि मनुष्यानेंहि तें विचारणें म्हणजे कटकट समजून कशीबशी मिटवूं नये.

या मतास विरोध करणारे आहेत. संगणकाच्या व्यवसायांत असलेल्या एका पालकांनीं आम्हांस सांगितलें कीं, पूर्वींची पायथन असती तर हा घोटाळा झालाच नसता. त्यांचें म्हणणें वस्तुतः खरें आहे. पायथनची दुसरी आवृत्ति टॅब आली म्हणजे पुढील आठाच्या पटीपर्यंत मोजीत असे. त्या मुलाची चौथी ओळ तिनें आठव्या घरावर धरली असती, प्रोग्रॅम मुकाट्यानें चालला असता, आणि सातच विद्यार्थ्यांस दंड झाला असता. मग नव्या आवृत्तीचा हा सोंवळेपणा हवा कशास?

याचें उत्तर दुसऱ्या एका उदाहरणानें देतां येईल. हजेरीचा प्रोग्रॅम घ्या. प्रत्येक विद्यार्थ्यासाठीं, चार घरें आंत, तो हजर असेल तर, आठ घरें आंत, हजरांत एक मिळव. त्यानंतरची ओळ अशी कीं, एकूण विद्यार्थ्यांत एक मिळव. ही अटीच्या बाहेर, चौथ्या घरावर हवी. समजा, लिहिणाऱ्याच्या एडिटरमध्यें टॅबचे थांबे चारांवर आहेत, आणि त्यानें ही शेवटची ओळ टॅबनें आंत घेतली. त्यास ती चौथ्या घरावर, अगदीं योग्य ठिकाणीं दिसते. जुनी पायथन मात्र ती आठव्या घरावर धरी, म्हणजे अटीच्या पोटांत घाली. मग जो हजर त्याचीच गणना 'एकूण' मध्यें होणार, आणि अर्धा वर्ग घरीं राहिला तरी हजेरी शंभर टक्के निघणार! येथें ना संदेश, ना इशारा. इशारा मागून घेण्याची सोय जुन्या पायथनमध्यें होती, परंतु मागितल्यावांचून तो मिळत नसे. आणि ज्यास आपली चूक ठाऊकच नाहीं, तो इशारा मागेल कशाला? आठाचा तर्क आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतींत बरोबर ठरला असता, कारण त्याचा एडिटर योगायोगानें आठांवर थांबत होता. योगायोगानें बरोबर येणाऱ्या उत्तरास गणिताच्या तासाला आम्ही गुण देत नाहीं.

३ डिसेंबर २००८ रोजीं पायथनची तिसरी आवृत्ति निघाली, आणि तींत जेथें ओळीचा अर्थ टॅबच्या लांबीवर अवलंबून असेल तेथें प्रोग्रॅम नाकारण्याचा नियम झाला. वरील हजेरीचा प्रोग्रॅम ती नाकारते, आणि आमच्या विद्यार्थ्यांचा दंडाचा प्रोग्रॅमहि तिनें त्याच न्यायानें नाकारला. या आवृत्तींत दुसरेहि पुष्कळ बदल होते, त्यामुळें जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालेनात. लोकांनीं कुरकुर केली, आणि जुनी आवृत्ति २०२० च्या आरंभीं निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षें दोन्ही शेजारीं-शेजारीं चालल्या. तो त्रास लहान नव्हता. तरीहि टॅबपुरतें बोलावयाचें तर तो सोसावयास योग्य होता असें आम्ही म्हणतों, आणि त्याचें कारण 'मेक' च्या हकीकतींत आहे.

१९७६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं 'मेक' नांवाचें एक साधन तयार केलें. मोठ्या प्रोग्रॅमचे अनेक भाग असतात; त्यांपैकीं जे बदलले असतील तेवढ्यांवरूनच पुन्हां रचना करावी, सगळी नव्यानें करीत बसूं नये, हें त्याचें काम. साधन इतकें उपयोगी कीं २००३ सालीं त्याबद्दल फेल्डमन यांस संगणकशास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थेचें पारितोषिक मिळालें. या 'मेक' मध्यें आज्ञेची प्रत्येक ओळ टॅबनेंच सुरू झाली पाहिजे असा नियम होता. आठ कोरीं घरें घातलीं तर दिसावयास तेंच, परंतु चालावयाचें नाहीं. हा नियम अडचणीचा आहे हें पुढें लक्षांत आलें. पण तोंवर साधन वापरणारे सुमारें डझनभर लोक झाले होते, आणि त्यांतील बहुतेक मित्रमंडळी. त्यांच्या फाइली मोडूं नयेत म्हणून फेल्डमन यांनीं नियम तसाच राहूं दिला, असें त्यांनीं स्वतःच पुढें सांगितलें आहे. डझनभर मित्रांवरील त्या दयेची किंमत गेलीं जवळजवळ पन्नास वर्षें जगभरचे नवशिके भरीत आहेत. २०१० सालीं 'मेक' च्या एका प्रसिद्ध आवृत्तींत टॅबऐवजीं दुसरें चिन्ह निवडण्याची मोकळीक मिळाली खरी. तथापि न सांगतां चालतो तो नियम अद्याप टॅबचाच आहे. बारा माणसें होतीं तेव्हां जें एका दुपारीं सुधारतां आलें असतें, तें पुढें कोणासच सुधारतां येईना. फेल्डमन यांस आम्ही हंसत नाहीं. त्यांच्या जागीं आम्हींहि बहुधा तेंच केलें असतें.

कोणी म्हणेल, कोऱ्या जागेला अर्थ देतांच कशाला? महिरपी कंसांच्या भाषा वापरा, म्हणजे झालें. परंतु कंसांच्या भाषेंतहि मनुष्याचा डोळा मांडणीच वाचतो. २०१४ च्या फेब्रुवारींत ॲपल कंपनीस आपल्या फोनांसाठीं तांतडीची दुरुस्ती काढावी लागली. सी भाषेंत लिहिलेल्या त्यांच्या प्रोग्रॅममध्यें एकच ओळ चुकून दोनदां पडली होती. दोन्ही ओळी सारख्याच आंत सरकवलेल्या, त्यामुळें वाचणाऱ्यास दोन्ही अटीच्या पोटांत आहेतसें वाटे. कंस मात्र नव्हते, म्हणून यंत्राच्या लेखीं दुसरी ओळ अटीबाहेर होती आणि नेहमींच अमलांत येई. परिणाम असा कीं पलीकडील संगणक खराच तो आहे कीं तोतया, ही तपासणी अर्ध्यावरच सुटत असे. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरनें २०१६ पासून, मांडणी एक सांगते आणि कंस दुसरेंच सांगतात अशा ठिकाणीं इशारा देण्याची सोय केली आहे. तेव्हां भाषा बदलल्यानें हा प्रश्न सुटतो असें नाहीं.

राहिला प्रश्न टॅब चांगला कीं कोरीं घरें चांगलीं. यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांत जितकी शाई आटली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर आटली असेल. २०१७ सालीं एका मोठ्या पाहणींत तर कोरीं घरें वापरणारांचा पगार अधिक असल्याचें दिसलें; आमच्या विद्यार्थ्यांनीं त्या आशेनें पट्टी बडवूं नये एवढेंच सांगतों. पायथनच्या लेखनशैलीविषयीं २००१ सालीं निघालेल्या पत्रकांत चार कोरीं घरें सुचविलीं आहेत. उलट, गो या भाषेचें मांडणी नीट करणारें साधन टॅबच घालतें, आणि लिनक्सच्या गाभ्याच्या लेखनांतहि टॅबच चालतो. टॅबच्या बाजूचा एक मुद्दा तर आम्हांस फार वजनदार वाटतो. जे विद्यार्थी दृष्टि नसल्यामुळें ब्रेलच्या पट्टीवर बोटांनीं प्रोग्रॅम वाचतात, त्यांच्या पट्टीवर घरें मोजकीं असतात. चार कोऱ्या घरांनीं त्यांतील चार जागा अडतात, टॅबनें एकच अडते. मंददृष्टि मनुष्य अक्षरें फार मोठीं करून वाचतो, त्यासहि टॅबची लांबी आपल्या सोयीप्रमाणें कमी करतां येते. असा एकादा विद्यार्थी ज्या गटांत असेल त्या गटानें आपल्या सर्व फाइली पहिल्यापासून शेवटपर्यंत टॅबनें लिहाव्यात, आणि चार घरांचा आमचा नियम खुशाल मोडावा, असें आम्ही येथें छापून देतों. पायथन त्यास हरकत घेत नाहीं. तिची हरकत आहे ती सरमिसळीला.

फाइल दुसऱ्याची असेल तर तिच्यांत जी रीत आधीं चालूं आहे तीच आपण चालवावी, आपली आवड घरीं ठेवावी. दुसऱ्याच्या वहींत एक गणित सोडविण्याची पाळी आली तर आपण त्याच्याच रकान्यांत आंकडे लिहितों, तसेंच हें. आणि जुन्या फाइलींतील टॅब काढून टाकावयाचे असतील, तर ज्यानें ते घातले त्यास आधीं विचारावें. तो नसेल तर काढण्यापूर्वीं आणि काढल्यानंतर प्रोग्रॅम एकाच यादीवर, हातानें मोजतां येईल इतक्या लहान यादीवर, चालवून पाहावा. आम्हीं दहा नांवें घेऊन पाहिलीं असतीं तर आमची चूक तेव्हांच उघडी पडली असती. पालकांस एवढीच विनंती कीं, मूल घरीं येऊन "दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, तरी चालत नाहीं," असें म्हणूं लागलें, तर तें बहाणा करीत आहे असें समजूं नये. त्याच्या शेजारीं बसून बाणाची कळ दाबून पाहावी.

त्या विद्यार्थ्याची आम्हीं वर्गासमक्ष क्षमा मागितली. जेथें बोललों होतों तेथेंच मागितली. दोघे मित्र आतां पुन्हां एकाच वाटेनें घरीं जातात, आणि ग्रंथालयाची पुढील यादी त्यांनींच करावयाची असें ठरलें आहे. त्यांची मूळ फाइल, टॅबसकट, संगणकवर्गांतील एका यंत्रावर आम्हीं तशीच ठेवून दिली आहे. जूनमध्यें नवा वर्ग आला म्हणजे पहिल्याच तासाला प्रत्येकानें तींतील तिसऱ्या व चौथ्या ओळीवरून बाणानें एकदां जावयाचें आहे. यादी पाहून घाबरून तिघांनीं दंड त्याच दिवशीं भरला होता. दोघांचे पैसे आम्हीं परत केले. तिसऱ्यानें पुस्तक खरोखरच उशिरा आणून दिलें होतें.